लेकीच्या दोन फायली, एक वकील



बडोद्यातील मराठी घरांपैकी ज्याचे कोणीच अमेरिकेत नाही असे घर आता शोधावे लागते. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया ही नावे आपल्याला दांडिया बाजार आणि रावपुऱ्याइतकी सवयीची झाली आहेत. मुले तिकडे शिकतात, नोकरीला लागतात, लग्ने होतात, आणि बहुतेकांचे संसार चांगले चालतात. पण एखाद्या मुलीचा संसार मोडकळीला आला आणि मध्यरात्री तिचा रडत फोन आला, तर इथे बसलेल्या आईवडिलांच्या तोंडून पहिले वाक्य येते, "तिकीट काढ आणि परत ये." माया म्हणून ते वाक्य योग्यच आहे. मात्र कायद्याच्या दृष्टीने कधी कधी त्या तिकिटाने मुलीचे फार नुकसान होते.

तिकिटाच्या आधी जिला किंवा ज्याला फोन करायचा, अशा एका वकिलाविषयी हा लेख आहे. अमेरिकेत सेवाभावी संस्थांमध्ये इमिग्रेशन आणि कौटुंबिक कायदा ही दोन्ही कामे पाहणारे वकील असतात. गरजू माणसाकडून ते फी घेत नाहीत, किंवा अगदी नाममात्र घेतात. आम्ही वकील नाही, बी.कॉम. होऊन बँकेत आयुष्य काढलेली माणसे आहोत. त्यामुळे हा लेख सल्ला म्हणून वाचू नये, ओळख म्हणून वाचावा.

कायदे दोन, कचेऱ्या दोन

अमेरिकेत इमिग्रेशनचा कायदा केंद्र सरकारचा आहे. लग्न, घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा हे विषय राज्यांचे आहेत. व्हिसा आणि ग्रीन कार्डाचे अर्ज यूएससीआयएस या केंद्रीय कचेरीत जातात. घटस्फोटाचा अर्ज मुलगी राहते त्या राज्याच्या न्यायालयात होतो, आणि त्यासाठी त्या राज्यात किती दिवस राहिलेले असावे याचा नियम राज्यागणिक बदलतो.

वकिलाच्या सनदेलाही हाच भेद लागू होतो. एका राज्याची सनद असलेला वकील इमिग्रेशनचे काम देशात कुठेही करू शकतो, पण कौटुंबिक न्यायालयात उभे राहायला त्या राज्याचीच सनद लागते. म्हणून "आमच्या भाच्याचा मित्र न्यू जर्सीत वकील आहे" ही ओळख टेक्सासमधल्या मुलीच्या घटस्फोटाला उपयोगी पडेलच असे नाही.

फौजदारी खटल्यातल्या गरीब आरोपीला सरकारने वकील दिला पाहिजे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली दिला. इमिग्रेशनच्या खटल्यात तशी सोय नाही. वकील करण्याचा हक्क आहे, पण स्वतःच्या खर्चाने. घटस्फोटातही साधारण तेच. नवऱ्याचा पगार चांगला, बायकोला कामाची परवानगीच नाही, आणि बँकेतले खाते त्याच्या नावावर, अशा स्थितीत खाजगी वकिलाची फी ती कुठून भरणार? ही पोकळी सेवाभावी संस्थांचे वकील भरून काढतात.

क्रम चुकला की हक्क जातो

या वकिलाच्या टेबलावर एकाच मुलीच्या दोन फायली असतात, एक व्हिसाची आणि एक संसाराची. कोणती फाईल आधी हलवायची हे ठरवणे, हेच त्याच्या कामाचे मर्म आहे. काही उदाहरणे पाहू.

समजा, नवरा एच-१बी व्हिसावर आहे आणि मुलगी त्याच्या आधाराने एच-४ वर. तिचा तिथे राहण्याचा हक्क लग्नावर उभा आहे. घटस्फोटाचा हुकूम झाला की एच-४ चा आधार संपतो. नवऱ्याच्या नोकरीतून दोघांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल आणि ते मंजूर होण्याआधी घटस्फोट झाला, तर तिच्या वाट्याचा अर्जही पडतो. पाच-सात वर्षे रांगेत काढलेली असली तरी फरक पडत नाही. "त्याने पाठवलेल्या कागदांवर सही करून मोकळी हो" असे आपण इथून सांगतो, तेव्हा आपण काय सोडायला सांगत आहोत हे आपल्याला ठाऊक नसते.

दुसरे उदाहरण. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे आणि तो छळ करतो. अशा पत्नीला नवऱ्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो. १९९४ च्या महिला अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, ज्याला तिथे 'व्हावा' म्हणतात, ही सोय केली. त्यासाठीच्या आय-३६० या फॉर्मला फी नाही. पण घटस्फोट झाला असेल तर त्यानंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि त्या घटस्फोटाचा छळाशी संबंध दाखवावा लागतो. दोन वर्षे उलटली की दार बंद. अर्ज मंजूर होण्याआधी दुसरे लग्न केले तरी दार बंद. घाईने स्थळ पाहणाऱ्या नातेवाइकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

तिसरे उदाहरण. लग्नाला दोन वर्षे होण्याआधी लग्नाच्या आधारावर ग्रीन कार्ड मिळाले, तर ते दोन वर्षांचेच असते. पुढचे कार्ड मिळवायला नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा असतो. नवरा सही करत नसेल तर छळ झाला, किंवा खरेपणाने केलेले लग्न मोडले, या कारणावर तिला एकटीने अर्ज करता येतो. हे माहीत नसल्यामुळे "सही करणार नाही" या एका धमकीवर बायका वर्षानुवर्षे गप्प बसतात.

एच-४ वाल्या मुलींसाठी काय?

आपल्या घरांतल्या बहुतेक मुली एच-४ वर जातात, आणि 'व्हावा'तला स्वतंत्र अर्ज त्यांना लागू होत नाही, कारण नवरा नागरिकही नाही आणि ग्रीन कार्डधारकही नाही. तरी दोन मार्ग उरतात.

पहिला 'यू' व्हिसा. २००० सालच्या कायद्याने तो सुरू झाला. कौटुंबिक हिंसेसह ठरावीक गुन्ह्यांना बळी पडलेल्या आणि तपासाला मदत केलेल्या व्यक्तीला तो मिळू शकतो. पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश यांच्यापैकी कोणाचा तरी दाखला त्यासाठी लागतो. वर्षाला मुख्य अर्जदारांसाठी १०,००० ची मर्यादा असल्याने रांग अनेक वर्षांची आहे. २०२१ पासून, प्राथमिक छाननीत अर्ज खरा वाटला तर रांगेत असतानाच कामाची परवानगी देण्याची सोय झाली.

दुसरा मार्ग कमी लोकांना ठाऊक आहे. एच-१बी धारकाच्या छळ झालेल्या पत्नीला कामाची स्वतंत्र परवानगी मागता येते. ही तरतूद २००५ च्या कायद्यात आली आणि तिचा आय-७६५व्ही हा फॉर्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी निघाला. ही परवानगी म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. पण स्वतःचा पगार आणि स्वतःचे खाते, एवढ्यानेही मुलीच्या पायाखाली जमीन येते. हे आम्ही बँकेच्या काउंटरवर बसून इथेही पाहिलेले आहे.

"तुझा व्हिसा माझ्या हातात आहे, परत पाठवून देईन," ही धमकी अशा घरांत हमखास असते. त्यातले खरे किती आणि खोटे किती हे सांगणे, हे वकिलाचे पहिले काम. खरे एवढेच की तिचा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला आहे. पण कोणाला देशाबाहेर काढणे हे सरकारचे काम आहे, नवऱ्याचे नाही. शिवाय छळ झालेल्या अर्जदाराची माहिती सरकारने उघड करू नये, आणि छळ करणाऱ्याने पुरवलेल्या माहितीवरच विसंबून तिच्याविरुद्ध निर्णय घेऊ नये, असे त्यांचा कायदा सांगतो.

एक कडू गोष्टही वकील लपवत नाही. पोलीस केसमुळे नवऱ्याची नोकरी आणि व्हिसा गेला, तर तिचा एच-४ ही त्याबरोबर जातो. म्हणूनच तक्रार, संरक्षण हुकूम, व्हिसाचा अर्ज आणि घटस्फोट यांचा क्रम आधी कागदावर मांडला जातो. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र क्रम एकच, आधी ९११ ला फोन.

'जाच' इंग्रजीत कसा लिहायचा?

या वकिलाचा दिवस न्यायालयात कमी आणि माणसांचे ऐकण्यात जास्त जातो. अर्जाबरोबर मुलीचे स्वतःचे निवेदन जोडावे लागते, आणि ते लिहायला चार-पाच बैठका सहज लागतात.

आपल्या मुली सांगताना म्हणतात, "खूप जाच होतो", "घालूनपाडून बोलतात", "त्रास देतात". आपल्याला यातले सगळे कळते. पण अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला 'जाच' दिसत नाही, त्याला प्रसंग लागतो. कोणत्या महिन्यात, कोणत्या घरात, काय झाले, कोणी ऐकले, नंतर कोणाला सांगितले? वकील शांतपणे एकेक प्रश्न विचारत त्या एका शब्दातून वीस प्रसंग बाहेर काढतो. तिथल्या कायद्यात मारहाणीबरोबर 'आत्यंतिक क्रूरता' हाही आधार आहे, आणि त्यात अंगावर हात न उगारता केलेला छळ बसू शकतो. घरखर्चाला डॉलर मोजून देणे, पासपोर्ट कुलुपात ठेवणे, माहेरी फोन करू न देणे, परत पाठवण्याच्या धमक्या देणे, ही सगळी माहिती त्यासाठी उपयोगी पडते. आपण ज्याला "एवढे तर चालतेच" म्हणून सोडून देतो, तेच कधी कधी अर्जाचा कणा ठरते.

दुभाषी लागला तर संस्था बाहेरचा दुभाषी आणते. मावशी, नणंद किंवा कॉलनीतली मैत्रीण या कामाला घेत नाहीत. ओळखीच्या माणसासमोर मुलगी अर्धेच बोलते, आणि बोललेले बाहेर जाण्याची भीतीही असते.

दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणाऱ्या संस्था तिथे पूर्वीपासून आहेत. न्यू जर्सीत 'मानवी' १९८५ पासून, न्यू यॉर्कमध्ये 'सखी' १९८९ पासून आणि कॅलिफोर्नियाच्या बे एरियात 'मैत्री' १९९१ पासून. आपली भाषा, सासर-माहेर हे नाते आणि 'लोक काय म्हणतील' ही भीती त्यांना समजावून सांगावी लागत नाही. वकिलापर्यंत नेण्याचे काम अशा संस्था करतात.

आईवडिलांना माहिती का देत नाहीत?

वकील फोनवर काहीच सांगत नाही, ही इथल्या आईवडिलांची नेहमीची तक्रार. "मुलगी आमची, पैसे लागले तर आम्ही देऊ, मग केस कुठवर आली हे सांगायला काय हरकत आहे?"

हरकत आहे. अशील मुलगी आहे, आईवडील नाहीत. तिची संमती नसेल तर वकील तिच्याविषयी एक अक्षर बोलू शकत नाही. सल्लामसलतीच्या वेळी तिसरी व्यक्ती हजर असेल, तर त्या संभाषणाला मिळणारे गुप्ततेचे संरक्षणही धोक्यात येऊ शकते. म्हणून व्हिडिओ कॉलवर आईला बसवायलाही ते नाही म्हणतात.

आमच्या बँकेतल्या सहकाऱ्यांना हे लगेच पटेल. सज्ञान मुलीच्या खात्यातली शिल्लक तिच्या वडिलांनी विचारली, तर आपण सांगत होतो का? वडील रागावत, पण नियम तिच्या रक्षणासाठी होता. इथेही तसेच आहे. आपल्याला मिळालेली माहिती भोळेपणाने व्याह्यांपर्यंत पोचली, तर नुकसान तिचेच होते.

फी नाही, मग पगार कोण देतो?

बँकवाल्याला हा प्रश्न पडणारच. उत्तर मोठे मनोरंजक आहे. अशिलांचे थोड्या दिवसांसाठी आलेले पैसे वकिलाला वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवावे लागतात. एकेका अशिलाची रक्कम लहान आणि मुदत थोडी, त्यामुळे स्वतंत्र व्याज काढणे परवडत नाही. मग अशा सगळ्या रकमा एका खात्यात ठेवून त्यावरचे व्याज गरिबांच्या कायदेशीर मदतीला द्यायचे, अशी योजना १९८१ मध्ये फ्लोरिडात सुरू झाली आणि पुढे सर्व राज्यांत पसरली. तिला 'आयोल्टा' म्हणतात. व्याजदर पडले की गरिबांच्या वकिलांचे उत्पन्नही पडते, हे गणित आमच्यासारख्यांना वेगळे समजावून द्यायला नको.

दुसरा स्रोत १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेला गुन्हेपीडितांचा निधी. त्यात मुख्यतः केंद्रीय गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांकडून वसूल झालेला दंड जमा होतो. बाकी देणग्या आणि प्रतिष्ठानांची अनुदाने. केंद्राचे कायदेशीर मदत महामंडळही आहे, पण त्याच्या पैशाला १९९६ पासून कोणत्या परदेशी व्यक्तीची केस घ्यावी यावर बरीच बंधने आहेत. छळ झालेल्यांसाठी त्यात अपवाद आहेत, तरी कित्येक संस्था तो पैसा घेतच नाहीत.

या वकिलांचा पगार मोठ्या फर्ममधल्या वकिलांच्या मानाने फारच थोडा असतो. पदवीनंतर तीन वर्षे कायद्याचे शिक्षण, आणि त्यापायी लाखभर डॉलरचे कर्ज, ही तिथे नवलाची गोष्ट नाही. २००७ च्या एका योजनेनुसार अशा सेवेत राहून १२० हप्ते, म्हणजे दहा वर्षे फेड केली, की उरलेले केंद्रीय शैक्षणिक कर्ज माफ होते. कित्येक जण त्या आधारावर या कामात टिकून आहेत. केसेस पुष्कळ, माणसे थोडी, म्हणून पहिल्या फोनला "आत्ता जागा नाही" हे उत्तर येऊ शकते. तेव्हा निराश न होता दुसऱ्या संस्थेचे नाव विचारावे. बहुधा ते देतात.

मूल असेल तर तिकीट काढण्याआधी

हा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूल तिथे सहा महिन्यांहून अधिक राहिलेले असेल, तर ताब्याचा निर्णय साधारणपणे त्या राज्याचे न्यायालय करते. वडिलांचे हक्क डावलण्याच्या हेतूने मूल देशाबाहेर नेणे किंवा बाहेर ठेवणे, हा तिथे १९९३ च्या कायद्याने केंद्रीय गुन्हा आहे. कौटुंबिक हिंसेतून पळत होते, असा बचाव त्या कायद्यात आहे. पण तो नंतर न्यायालयात सिद्ध करावा लागतो.

मुलांना दुसऱ्या देशात नेण्याविषयीचा १९८० चा हेग करार अमेरिकेने स्वीकारला आहे, भारताने नाही. त्यामुळे इथे आल्यावर मूल आपोआप परत जाईल असे नाही. पण मुलीचा परतीचा रस्ता बंद होऊ शकतो, तिकडे ताब्याचा हुकूम तिच्या गैरहजेरीत होऊ शकतो, आणि तिच्यावर वॉरंटही निघू शकते. नातवाला कुशीत घेण्याची घाई आपल्याला असतेच. पण त्या राज्यातल्या वकिलाला विचारून, शक्य तर न्यायालयाची परवानगी घेऊन आलेली मुलगी निर्धास्त झोपते.

तिकडचा हुकूम इकडे चालतो का?

हिंदू विवाह कायद्याने इथे झालेले लग्न तिकडच्या 'न जुळणारे मतभेद' एवढ्या कारणावर आणि पत्नीच्या सहभागाशिवाय मोडले, तर तो हुकूम भारतात मान्य होईलच असे नाही. वाय. नरसिंह राव प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हे तत्त्व सांगितले. म्हणून अमेरिकेतल्या वकिलाबरोबर इथल्या वकिलाचाही सल्ला घ्यावा. पत्नीला ती राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करण्याची मुभा आपल्या कायद्यात आहे. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय विवाहांसाठी स्वतंत्र कक्षही आहे.

इथे बसून आपण काय करू शकतो?

१. लग्नाच्या नोंदणीचा दाखला, निमंत्रणपत्रिका, फोटो, दागिन्यांच्या पावत्या आणि स्त्रीधनाची यादी एका ठिकाणी ठेवा आणि स्कॅन करून घ्या.

२. मुलीला किंवा जावयाच्या घरी पाठवलेल्या पैशांचे बँक स्टेटमेंट काढून ठेवा. जुनी स्टेटमेंटे मिळायला वेळ लागतो.

३. तिचे फोन, मेसेज, कधी काय सांगितले, हे तारखेसह वहीत लिहा. मेसेज पुसू नका. वकिलाने मागितले तर तुमचे प्रतिज्ञापत्र उपयोगी पडते.

४. व्याह्यांशी बोलताना वकील, अर्ज किंवा मुलीचा पत्ता यांचा उल्लेख करू नका.

५. 'इमिग्रेशनचे काम करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. अमेरिकेत हे काम सनदी वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला संस्थेचा प्रतिनिधी करू शकतो. दोन्हींची खात्री करता येते.

६. लग्न ठरतानाच मुलीला सांगा की पासपोर्ट स्वतःजवळ ठेव, सर्व कागदांच्या प्रती माहेरी ठेव, आणि तिथल्या राष्ट्रीय कौटुंबिक हिंसा मदतवाहिनीचा क्रमांक, १-८००-७९९-७२३३, लक्षात ठेव. हे सांगणे अपशकुन नाही. लॉकर घेताना नॉमिनी लिहून ठेवतो, तसेच हे.

बडोदे संस्थानाने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ साली केला. देशभराचा हिंदू विवाह कायदा त्यानंतर २४ वर्षांनी, १९५५ मध्ये आला. मोडलेल्या संसारातून बाईला मानाने बाहेर पडता यावे, हा विचार या शहराला नवा नाही. तेव्हा मुलीचा फोन आला की "लोक काय म्हणतील" हे बाजूला ठेवावे आणि तिला एवढेच विचारावे, "तू सुरक्षित आहेस ना? वकिलाशी बोललीस का?" तिकीट त्यानंतरही काढता येते.